टाकीपासून ज्वारीच्या राशीपर्यंत : वृत्तचिती, शंकू आणि गोल यांच्या घनफळाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूर शहर आणि आसपासच्या तालुक्यांत घनफळाचा प्रश्न तीन ठिकाणी हमखास पडतो : दहावीच्या महत्त्वमापनात, पाण्याच्या टाकीपाशी आणि खळ्यावर. सूत्रं तिन्हीकडे तीच. चुका मात्र प्रत्येक ठिकाणच्या वेगळ्या, म्हणून इथे सूत्रांपेक्षा मोजमापावर जास्त लिहिलं आहे.

सगळी सूत्रं एका जागी मिळतील का?

वृत्तचिती : π × त्रिज्या² × उंची
शंकू : १/३ × π × त्रिज्या² × उंची
गोल : ४/३ × π × त्रिज्या³
अर्धगोल : २/३ × π × त्रिज्या³
शंकूछेद (बादलीचा आकार) : १/३ × π × उंची × (मोठी त्रिज्या² + लहान त्रिज्या² + मोठी × लहान)

इथे उंची म्हणजे लंब उंची. शंकूची तिरकस उंची फक्त पृष्ठफळात वापरायची, घनफळात कधीच नाही.

एककं : १००० घनसेंमी म्हणजे १ लिटर, १ घनमीटर म्हणजे १००० लिटर, १ घनफूट म्हणजे सुमारे २८.३ लिटर आणि १०० घनफूट म्हणजे १ ब्रास. सगळी मापं आधी एकाच एककात आणा. त्रिज्या सेंटिमीटरमध्ये आणि उंची मीटरमध्ये ठेवून केलेला गुणाकार १०० पटींनी चुकतो.

सूत्रं पाठ होतात, पण पेपरात उलटसुलट होतात. काय करावं?

एक डबा डोळ्यांसमोर आणा, ज्याची उंची त्याच्या व्यासाइतकीच आहे. त्यात नेमका मावणारा शंकू, नेमका मावणारा गोल आणि तो डबा यांची घनफळं १ : २ : ३ अशा प्रमाणात असतात. डब्याचं घनफळ π × त्रिज्या² × २ त्रिज्या, म्हणजे २ π त्रिज्या³. त्याच्या दोन तृतीयांश घेतले की गोलाचं ४/३ π त्रिज्या³ आपोआप मिळतं. हा संबंध आर्किमिडीजने सिद्ध केला. त्याच्या थडग्यावर गोल आणि वृत्तचितीची आकृती होती असं रोमन लेखक सिसेरोने लिहून ठेवलं आहे.

अट विसरू नका. शंकू आणि वृत्तचितीचं १ : ३ हे नातं समान पाया आणि समान उंची असली की कायम टिकतं. गोल त्यात आणायचा तर उंची व्यासाइतकीच हवी. उंच, सडपातळ डब्यात बसलेला गोल दोन तृतीयांश जागा भरत नाही.

शंकू तिसरा हिस्साच का? बघायला तर निम्मा वाटतो.

बाजूने पाहिलं तर त्रिकोण आयताच्या निम्मा असतो, म्हणून डोळा फसतो. पण शंकू वर जाताना दोन्ही दिशांनी निमुळता होतो. निम्म्या उंचीवर त्रिज्या निम्मी, म्हणजे छेदाचं क्षेत्रफळ एक चतुर्थांश. वरचा निम्मा शंकू अख्ख्या शंकूच्या फक्त आठव्या हिस्स्याइतका असतो, उरलेले सात हिस्से खालच्या निम्म्यात.

करून बघायचं असेल तर १० सेंमी व्यासाचा आणि १२ सेंमी उंचीचा डबा घ्या. त्याच मापाच्या शंकूची तिरकस उंची √(५² + १२²) = १३ सेंमी. कार्डशीटवर १३ सेंमी त्रिज्येचं वर्तुळ काढा, त्यातून ३६० × ५ ÷ १३, म्हणजे साधारण १३८.५ अंशांची पाकळी कापा आणि चिकटवण्यासाठी १ सेंमी पट्टी वेगळी सोडा. शंकू रव्याने काठोकाठ भरा, पट्टीने सपाट करा, डब्यात ओता. तीन शंकूंत डबा भरतो.

न भरल्यास कारण बहुतेक वेळा एकच असतं : पाकळी १३ ऐवजी १२ सेंमी त्रिज्या धरून कापलेली असते (कोनही मग ३६० × ५ ÷ १२, म्हणजे १५० अंशांचा घेतलेला असतो). मग उंची १०.९ सेंमीच भरते आणि प्रत्येक शंकूत ९ टक्के रवा कमी पडतो. दुसरं कारण म्हणजे हातात दाबून शंकूचं तोंड लंबगोल झालेलं असतं. घेर तोच राहिला तरी लंबगोल तोंडाचं क्षेत्रफळ कमी असतं. ज्वारी किंवा शेंगदाणे घेऊ नका, टोकाशी मोठे दाणे अडकतात आणि पोकळी राहते.

गोलाचं सूत्र येतं कुठून? समाकलन न शिकता समजेल का?

समजेल. अर्धगोल सपाट बाजू खाली करून ठेवा. शेजारी तेवढ्याच त्रिज्येची आणि त्रिज्येइतक्याच उंचीची वृत्तचिती ठेवा, आणि तिच्यातून टोक खाली केलेला शंकू कोरून काढला आहे असं समजा. आता दोन्ही आकार एकाच उंचीवर कापा. अर्धगोलाच्या छेदाची त्रिज्या पायथागोरसने काढली तर क्षेत्रफळ π × (त्रिज्या² − उंची²) येतं. कोरलेल्या वृत्तचितीत बाहेरचं वर्तुळ π × त्रिज्या² आणि मधलं भोक π × उंची², म्हणजे शिल्लक तेवढीच. प्रत्येक उंचीवर छेद सारखे, मग घनफळंही सारखी. वृत्तचितीतून तिचा तिसरा हिस्सा वजा केला की दोन तृतीयांश उरतात. तो झाला अर्धगोल. शिकवताना ही एक आकृती फळ्यावर नीट काढली तर पुढचे अर्धे प्रश्न विचारलेच जात नाहीत.

भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात ‘लीलावती’त हेच वेगळ्या वाटेने दिलं आहे : गोलाचं पृष्ठफळ गुणिले व्यास, भागिले ६. ताळा करायला ही रीत सोयीची.

π साठी २२/७ घ्यावं की ३.१४?

प्रश्नात दिलं असेल ते. दिलं नसेल आणि त्रिज्या ७ च्या पटीत असेल (७, ३.५, २.१, १.४) तर २२/७, कारण छेद उडतो. २२/७ खऱ्या किमतीपेक्षा ०.०४ टक्के जास्त आहे आणि ३.१४ हे ०.०५ टक्के कमी. हजार लिटरच्या टाकीत हा फरक अर्ध्या लिटरचा. टेप मोजताना होणारी चूक याच्या कैक पट मोठी असते, त्यामुळे खळ्यावर ३.१४ भरपूर झालं.

बुटकी रुंद टाकी घ्यावी की उंच अरुंद? दिसायला उंच टाकी मोठी वाटते.

तुलनेसाठी π ची गरज नाही, दोन्हीकडे तो सारखाच आहे. फक्त त्रिज्या × त्रिज्या × उंची करा. समजा एक टाकी १.२ मीटर व्यासाची आणि १ मीटर उंच आहे : ०.६ × ०.६ × १ = ०.३६. दुसरी १ मीटर व्यासाची आणि १.४ मीटर उंच : ०.५ × ०.५ × १.४ = ०.३५. म्हणजे ४० सेंमी बुटकी असूनही पहिली टाकी मोठी, ११३१ लिटर विरुद्ध ११०० लिटर.

ए-४ कागद दोन्ही बाजूंनी गुंडाळून पाहा. लांब बाजू घेर म्हणून घेतली तर १४७४ घनसेंमी, आखूड बाजू घेर म्हणून घेतली तर १०४२. कागद तोच, पण रुंद नळकांडं ४१ टक्के मोठं.

टाकीत आत्ता किती पाणी उरलं आहे हे झटकन कसं कळेल?

सोलापुरात अनेक भागांत नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. एकदाच हिशोब करून ठेवा : टाकीच्या आतल्या भागाचं क्षेत्रफळ काढा आणि एका सेंटिमीटरला किती लिटर ते झाकणावर लिहा. आतला व्यास १.१ मीटर असेल तर ३.१४ × ०.५५ × ०.५५ = ०.९५ चौरस मीटर, म्हणजे दर सेंटिमीटरला साडेनऊ लिटर. काठी बुडवा, ओली खूण मोजा, साडेनऊने गुणा. ३२ सेंमी पाणी म्हणजे ३०४ लिटर.

व्यास बाहेरून मोजता येत असेल तर टाकीभोवती टेप गुंडाळून घेर घ्या, ३.१४ ने भागा आणि भिंतीच्या जाडीची दुप्पट वजा करा. टाकीला कड्या किंवा फुगीर पट्टे असतील तर टेप पट्ट्यावर नको, मधल्या खोलगट भागावर लावा. वरचा घुमट हिशोबात धरू नका, ओव्हरफ्लोच्या नळीच्या वर पाणी चढतच नाही. खालच्या तोटीच्या पातळीखालचं पाणीही वापरात येत नाही.

टँकरवाला म्हणतो तेवढं पाणी टँकरमध्ये असतं का?

बरेच टँकर गोल नसून लंबगोल असतात. रुंदी हाच व्यास धरला तर आकडा फुगतो. रीत अशी : ०.७८५ (म्हणजे π ÷ ४) × रुंदी × उंची × लांबी. रुंदी २, उंची १.३ आणि लांबी ३.२ मीटर असेल तर सुमारे ६५०० लिटर. कुणी २ मीटर व्यासाचं वर्तुळ धरून हिशोब केला तर तो १०,००० लिटरवर जातो.

आडव्या टाकीत आणखी एक गफलत होते. निम्म्या उंचीला निम्मं पाणी असतं हे खरं, पण पाव उंचीला पाव नसतं. तिथे फक्त साडेएकोणीस टक्के असतं, कारण तळाचा भाग अरुंद असतो. पाऊण उंचीला मात्र साडेऐंशी टक्के. उभ्या टाकीची ‘दर सेंटिमीटरला इतके लिटर’ ही रीत आडवीला चालत नाही.

विहिरीची खोदाई किती ब्रास होईल? आणि उभं पाणी किती?

व्यास २० फूट आणि खोली ४० फूट : ३.१४ × १० × १० × ४० = १२,५६० घनफूट, म्हणजे साधारण १२६ ब्रास. १२ फूट पाणी उभं असेल तर ३,७७० घनफूट, म्हणजे सुमारे १ लाख ६ हजार ७०० लिटर.

बोली होताना आतला व्यास ठरला की बाहेरचा, हे लिहून घ्या. आत २० फूट हवेत आणि बांधकामाची जाडी १ फूट असेल तर खोदाई २२ फुटांची होते. ३.१४ × ११ × ११ × ४०, म्हणजे जवळजवळ १५२ ब्रास. व्यासात १० टक्के वाढ आणि खोदाईत २१ टक्के! भांडणं इथेच होतात. शिवाय बाहेर टाकलेला मुरूम आणि दगड सुटा झाल्यावर फुगतो. खड्ड्याच्या सव्वापट ते दीडपट ढीग दिसला तर ती लबाडी नाही. खोदाई खड्ड्यावर मोजायची, वाहतूक ढिगावर.

जुन्या विहिरी क्वचितच नेमक्या गोल असतात. एकमेकांना काटकोनात दोन व्यास घ्या आणि ०.७८५ × पहिला व्यास × दुसरा व्यास × खोली करा.

खळ्यावरची ज्वारीची रास मोजून किती क्विंटल ते सांगता येईल का?

येईल, पाच-सात टक्के इकडेतिकडे धरून. ओतलेलं धान्य आपसूक शंकू होतं, कारण दाणे एका ठरावीक उतारापलीकडे टिकत नाहीत, घसरतात.

आधी पायथ्याचा घेर घ्या, समजा ९.४२ मीटर. ६.२८ ने भागलं की त्रिज्या १.५ मीटर. उंची मोजायला रास उकरू नका. माथ्यापासून पायथ्यापर्यंत दोरी धरा, ती तिरकस उंची. ती १.७७ मीटर भरली तर लंब उंची √(१.७७² − १.५²) = ०.९४ मीटर. घनफळ १/३ × ३.१४ × २.२५ × ०.९४ = २.२१ घनमीटर. ज्वारीचा एक घनमीटर साधारण ७२० ते ७५० किलो भरतो, म्हणून ही रास १६ क्विंटलच्या आसपास. तुमच्या ज्वारीचा आकडा हवा असेल तर माहीत असलेल्या मापाचा डबा भरून काट्यावर ठेवा. मालदांडीचा टपोरा, वाळलेला दाणा आणि ओलसर बारीक दाणा यांचं वजन सारखं येत नाही.

दोरीऐवजी अंदाजाने उंची घेतली तर काय, असं विचारतात. ‘लीलावती’च्या राशिव्यवहार या, धान्याच्या राशींवरच्या प्रकरणात याचं उत्तर आहे : जाड धान्याच्या राशीची उंची घेराच्या दहाव्या भागाइतकी, बारीक धान्याची अकराव्या, कुसळाच्या धान्याची नवव्या. वरच्या उदाहरणात घेराचा दहावा भाग ०.९४२ मीटर येतो, दोरीने काढलेल्या उंचीशी जुळणारा. घनफळ मात्र तिथे (घेर ÷ ६)² × उंची असं सांगितलं आहे. ते π ची किंमत ३ धरून केलेलं असल्याने पावणेपाच टक्के जास्त येतं. व्यवहारात ६ ऐवजी ६.१४ ने भागा, मग बरोबर येतं.

गोदामात रास भिंतीला टेकलेली असेल तर दिसणाऱ्या घेराची दुप्पट करा, पूर्ण राशीचं घनफळ काढा आणि निम्मं करा. आतल्या कोपऱ्यात असेल तर घेर चौपट आणि उत्तर एक चतुर्थांश. बाहेरच्या कोपऱ्याला वळसा घालून पडली असेल तर घेराला ४/३ ने गुणा आणि उत्तराला ३/४ ने. या तिन्ही रीतीही त्याच ग्रंथातल्या, आणि आजही तशाच लागू.

कुठे चुकतं : माथा पायाने दाबलेला असतो, खळं उताराचं असतं, किंवा घेर मोजताना विखुरलेले दाणेही आत घेतले जातात. शेवटची चूक महाग पडते, कारण घेरात ५ टक्के जास्त म्हणजे घनफळात १० टक्के जास्त.

डाळिंब ७ सेंमीचं आणि ८ सेंमीचं, भावात एवढा फरक का?

व्यास १४ टक्के जास्त, पण घनफळ (८/७)³, म्हणजे जवळजवळ दीडपट. गोलात एकाच मापाचा घन होतो, त्यामुळे दिसायला थोडा असलेला फरक वजनात मोठा निघतो. लाडवाचंही तसंच : ५ सेंमीचा एक लाडू म्हणजे ४ सेंमीचे जवळपास दोन. ऑर्डर घेताना नगावर भाव ठरवला असेल तर वळणारा हात बदलला की नफा जातो.

फळ न कापता घनफळ काढायचं तर मुकुट सोडून मधोमध दोरा गुंडाळा. घेर २५ सेंमी असेल तर २५ × २५ × २५ ÷ ५९.२ (म्हणजे ६ × π²) = २६४ घनसेंमी. ताळ्यासाठी काठोकाठ भरलेल्या भांड्यात बुडवून सांडलेलं पाणी मोजा. फळ तरंगलं तर बारीक काडीने दाबून धरा, बोटाने नको, बोटाचंही घनफळ मोजलं जातं.

बादली आणि कढई यांना कोणतं सूत्र?

बादली शंकूछेद. वरचा व्यास २८, खालचा २०, उंची २७ सेंमी : ३.१४ × २७ ÷ ३ × (१९६ + १०० + १४०) = १२.३ लिटर. सरासरी त्रिज्या १२ घेऊन वृत्तचितीसारखं केलं तर १२.२ येतं, बादलीला चालून जातं. पण निमुळतेपणा वाढला की ही पळवाट फसते. पूर्ण शंकूला लावली तर घनफळ २५ टक्के कमी दाखवते.

कढईला लोक अर्धगोल समजतात, आणि ती सहसा तशी नसते. तोंडाची त्रिज्या आणि खोली सारखी असेल तरच अर्धगोल. एरवी : π × खोली ÷ ६ × (३ × तोंडाची त्रिज्या² + खोली²). तोंड ४० सेंमी आणि खोली १२ सेंमी असेल तर ८.४ लिटर. अर्धगोल धरला असता तर १६.७ लिटर आले असते, आणि तेवढं तेल कुणी ओतणार नाही.

परीक्षेत गुण कुठे जातात?

व्यास हीच त्रिज्या समजून लिहिणं : वृत्तचिती आणि शंकूत उत्तर चौपट, गोलात आठपट. शंकू आणि अर्धगोल जोडलेल्या खेळण्यात एकूण उंची शंकूची म्हणून घेणं : त्रिज्या २.१ आणि एकूण उंची ८.४ सेंमी असेल तर शंकूची उंची ६.३, आणि घनफळ ४८.५१ घनसेंमी. न वजा करता केलं तर ५८.२१.

वितळवून नवे आकार करायच्या गणितात π ची किंमत टाकूच नका. ६ सेंमी त्रिज्येच्या गोलातून ३ सेंमी त्रिज्येचे आणि ४ सेंमी उंचीचे किती शंकू? २८८ π ÷ १२ π = २४. दोन ओळींत काम होतं.

आमची कणगी (धान्य साठवायची बांबूची कोठी) मध्ये फुगीर आहे. ती तर कशातच बसत नाही!

तिच्यासाठी एक सूत्र आहे, जे वृत्तचिती, शंकू, शंकूछेद आणि गोल या सगळ्यांना तंतोतंत लागू पडतं : उंची ÷ ६ × (खालचं क्षेत्रफळ + ४ × मधलं क्षेत्रफळ + वरचं क्षेत्रफळ). गोलासाठी खालचं आणि वरचं शून्य, मधलं π × त्रिज्या², उंची २ × त्रिज्या. करून पाहा, ४/३ π त्रिज्या³ च येतं. कणगीसाठी उत्तर अगदी नेमकं नसलं तरी व्यवहाराला पुरेसं जवळ असतं.

तळाचा घेर ३, मधला ४.२ आणि तोंडाचा २.६ मीटर, उंची दीड मीटर धरा. घेराच्या वर्गाला १२.५७ ने भागलं की क्षेत्रफळ : ०.७२, १.४० आणि ०.५४. मग १.५ ÷ ६ × (०.७२ + ५.६० + ०.५४) = १.७१ घनमीटर, म्हणजे साडेबारा क्विंटल ज्वारी. हे माप बाहेरून घेतलेलं आहे. बांबू आणि शेणामातीचा लेप मिळून जाडी २ सेंमी असेल तर प्रत्येक घेरातून १२.५ सेंमी वजा करून मगच वर्ग करा. तेवढ्यानेच जवळजवळ पाऊण क्विंटल कमी होतं.